तो लढला कुठे?

(गिंडी, चेन्नई इथे मराठी विद्यार्थी-संशोधकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं संपादित रूप.)



आपण बसलो आहोत तिथून काही किलोमीटरवर, नंदंबाक्कमला, मद्रास वॉर सिमेट्री आहे. इथे शिकायला आले त्या वर्षी मी तिथे गेले होते. एका मापाचे दगड, प्रत्येकावर नाव, हुद्दा, पलटण, तारीख. मागच्या बाजूला पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे. ज्यांच्या कबरी देशभर विखुरल्या आणि कायमच्या राखणं शक्य नव्हतं, अशा १,००० हून अधिक जणांची नावं त्यावर आहेत. म्हणजे कबर राखता आली नाही, तरी नाव राखलं. तिथे उभी असताना मला माझ्या आजोबांचं वाक्य आठवलं: "आमचा आजा बसऱ्याला गेला, तो गेलाच."

आमच्या घरात त्या माणसाबद्दल एवढंच माहीत होतं. त्यातून माझं काम सुरू झालं: दापोली आणि आसपासच्या गावांतून पहिल्या महायुद्धात गेलेले आणि परत न आलेले कोण, हे शोधायचं.

दापोलीच का? जुनी माणसं तिला अजून 'कॅम्प' म्हणतात. इंग्रजांची छावणी होती, आणि पलटणीतून निवृत्त झालेले अनेक महार पेन्शनर तिथे राहायचे. पलटणीनं त्यांना पगार आणि पेन्शन दिली, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अक्षर दिलं. गोपाळबाबा वलंगकर असेच निवृत्त सैनिक. सुभेदार रामजीही निवृत्तीनंतर कुटुंब घेऊन दापोलीत राहिले. पण १८९२ च्या सुमारास सरकारनं महारांची भरती बंद केली. काही जाती जन्मानंच लढाऊ आणि बाकीच्या नाहीत, असा सिद्धांत तेव्हा लष्करात चालत होता. १८९४ मध्ये वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनीही अर्ज केले. १९१७ मध्ये, युद्धाला माणसं कमी पडू लागली तेव्हा, १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये ती मोडली. पुढची महार रेजिमेंट यायला १९४१ उजाडलं.

या तारखा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता शोधाची पद्धत सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाला आपल्या गावाचं हे काम करावंसं वाटेल. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी इंटरनेटवर फुकट पाहता येते. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात सेवेत असताना मेलेले त्यात धरले आहेत. गोळीनं मेलेले आहेत, तसे तापानं आणि इन्फ्लुएन्झानं मेलेलेही आहेत. काही नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. पण ते इंग्रजी कारकुनानं कानानं ऐकून लिहिलेलं. गावाचं नाव ओळखू येत नाही. आपल्या लोकांच्या नावामागचं 'नाक' कधी वेगळ्याच स्पेलिंगात येतं, कधी त्याचं 'नाईक' होऊन हुद्द्यासारखं दिसतं. म्हणून नाव एकाच प्रकारे शोधू नका. गावाचं नाव मोठ्यानं उच्चारून बघा, मग शोधा.

आणि दगडावर नाव असेलच असं धरू नका. फ्रान्समधल्या नव्ह-शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं कोरलेली आहेत. तेच सैन्य, तेच युद्ध, पण इराकमधल्या बसरा स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं आहेत आणि साध्या शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. २०२१ मध्ये या कमिशनच्याच समितीनं हा भेदभाव मान्य केला. आशिया आणि आफ्रिकेतल्या ४५,००० ते ५४,००० मृतांचं स्मरण असमान रीतीनं झालं, आणि किमान १,१६,००० जणांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानिशी किंवा मुळीच नोंद राहिली नाही, असं तो अहवाल सांगतो.

आता माझ्या घराची गोष्ट. मला एकाच नावाच्या दोन नोंदी सापडल्या. पहिली महार पलटणीतल्या शिपायाची. तालुका दापोली, गाव नाही, बापाचं नाव नाही. दुसरी खेचरांच्या तांड्याबरोबर गेलेल्या माणसाची. लढाऊ नव्हे, सैन्याच्या भाषेत 'फॉलोअर'. तिच्यात बापाचं नाव आमच्या घरातल्या नावाशी जुळत होतं, आणि मोडक्या स्पेलिंगमधलं गाव आमचंच वाटत होतं.

घरी सांगितलं. काका गप्प झाले. मग म्हणाले, "पलटणीतला आपला, असंच लिही ना. कोण बघायला जातंय?" त्यांना मी दोष देत नाही. त्याच सुमारास आमच्या भागात युद्धात मेलेल्यांच्या नावांचा फलक करायचं चाललं होतं. मी दुसरी नोंद घेऊन संबंधितांकडे गेले. तिथल्या एका गृहस्थांनी कागद वाचला आणि परत दिला. "अहो, हा खेचरं हाकत होता. हा लढला कुठे?"

तिथे मला उत्तर सुचलं नाही. परतताना एसटीत सुचलं. तो लढला नाही, कारण त्याला लढू दिलं नव्हतं. मघाच्या तारखा आठवा. माझ्या नोंदीतला माणूस १९१६ मध्ये मेला. तेव्हा महारांना पलटणीत बंदूक मिळत नव्हती. खेचरं, ओझी, पाणी, सफाई एवढीच दारं उघडी होती. त्या युद्धात भारतातून पाच लाखांहून अधिक माणसं अशा बिगरलढाऊ कामांवर गेली. आधी जातीवरून काम ठरवायचं, आणि शंभर वर्षांनी त्याच कामावरून हुतात्मा कोण ते ठरवायचं. 'फॉलोअर' हा शब्द वाचताना समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यानं थांबायला हवं ते इथे.

मग मी आजोबांना विचारलं, काय लिहू? काका म्हणतात ते, की कागद म्हणतो ते? आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाय, जे हाय ते लिही. पलटणीतला तो दुसऱ्या कुणाच्या तरी घरचा असेल ना? आपण त्याला आपला केला, तर त्या घरचा माणूस आपण पळवला."

संशोधनाच्या नीतीवर मी बरंच वाचलं आहे. इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं.

आपण पहिल्या पिढीचे पदवीधर आहोत. घरच्यांची आपल्याकडून अपेक्षा असते की शिकलेल्या पोरानं, पोरीनं आपला मोठेपणा कागदावर आणावा. ती भूक खरी आहे. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब भीमा कोरेगावच्या स्तंभापुढे उभे राहिले, तेव्हा त्यावरच्या 'नाक' लावलेल्या नावांचं मोल त्यांना ठाऊक होतं. पण ती नावं दगडात आहेत, म्हणून तो पुरावा टिकला. आपण ओढूनताणून नाव बसवलं, तर उद्या कुणीतरी ते एक खोटं दाखवून आपली खरी नावंही पुसेल.

आणि हे काम साम्राज्याचं कौतुक करायलाही नाही. ज्या सरकारनं गरज असताना भरती उघडली आणि गरज सरताच पलटण मोडली, त्याचे आभार मानायचं कारण नाही. आपला माणूस होता, तो गेला, आणि त्याचा हिशेब कुणी दिला नाही, म्हणून हे करायचं.

पंजाबच्या सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या नोंदी लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. २०२१ पासून त्या लोकांसमोर येऊ लागल्या, आणि गावोगावच्या घरांना आपली माणसं सापडू लागली. आपल्याकडे हे वाडीवाडीतून करावं लागेल. या सुट्टीत घरी जाल तेव्हा सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. "आपल्यातलं कोण परत आलं नाही?" एवढंच विचारा. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा, नाव चार प्रकारे लिहा, मग नोंद शोधा. जुळली नाही, तर 'जुळली नाही' असं लिहा.

त्या फलकासाठी मी पुन्हा अर्ज दिला आहे. त्यात माझ्या खापरपणजोबांच्या नावापुढे 'शिपाई' लिहिलेलं नाही. 'खेचरतांडा, मृत्यू १९१६' असं लिहिलं आहे, आणि खाली एक ओळ: त्या वर्षी त्यांच्या जातीला पलटणीत भरती बंद होती.

आणि पलटणीतल्या त्या दुसऱ्या माणसाचं घर मी अजून शोधते आहे.

जय भीम.