पत्ता बदलताना

१८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी हा डोंगरमाथा इंग्रजांना दिला. गव्हर्नर माल्कमच्या नावानं माल्कमपेठ वसली. आज तिलाच आपण महाबळेश्वर म्हणतो आणि देवस्थानचं मूळ गाव झालं क्षेत्र महाबळेश्वर. जुनं नाव विचारणाऱ्याला वाट सांगणारं कुणीतरी नाक्यावर भेटतंच. इंटरनेटवर मात्र असा माणूस आपणच उभा करावा लागतो.

माझ्या भाच्याचं इथं छोटं लॉज आहे. त्यानं वेबसाइट नव्यानं करून घेतली. पानांचे पत्ते बदलले आणि गूगलवर वर दिसणारं लॉज पार मागं गेलं. "मामू, बुकिंगच थांबलं!"

थांबणारच. इतर वेबसाइटींनी वर्षानुवर्षं दिलेले दुवे जुन्या पत्त्यांकडे बोट दाखवत होते. तीच तर त्याची पत. ती नव्या पत्त्यावर न्यायची, तर जुन्या पत्त्यावर ३०१ क्रमांकाचा निरोप ठेवतात: मुक्काम कायमचा हलला आहे. ३०२चा अर्थ तात्पुरता. तो इथं चालत नाही. खोल्यांच्या जुन्या पानावरून खोल्यांच्याच नव्या पानावर न्यायचं. सगळ्यांना मुख्य पानावर सोडणं म्हणजे वेण्णा तलावाला निघालेल्याला एसटी स्टँडवर उतरवणं. एवढं करूनही काही आठवडे क्रम डळमळतो.

गूगल म्हणतं, निरोप निदान वर्षभर ठेवा. मी भाच्याला म्हटलं, काढूच नकोस. जुन्या पाहुण्यांकडे जुनाच पत्ता असतो.