वाकलेले गुडघे आणि हातपंपाचे पाणी

(भोपाळमधील आनंदनगर येथे मराठी कुटुंबांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मांडीच्या हाडाचा विषय निघाला की पडझड आणि अपघात हेच प्रथम आठवतात. हाड मोडले की ते तत्काळ कळते व रुग्ण दवाखान्यात पोचतो. मी ज्या विकाराविषयी बोलणार आहे, तो मात्र वर्षानुवर्षे नकळत वाढतो. मूल सरळ उभे राहिले की त्याचे गुडघे एकमेकांस चिकटतात आणि घोटे दूर राहतात. धावताना गुडघ्यावर गुडघा आपटतो. घरची मंडळी हे नशिबाचे भोग मानतात. कारण मात्र पुष्कळदा पिण्याच्या पाण्यात असते.

1990 नंतरच्या दशकात याच राज्याच्या मंडला जिल्ह्यात, तिलईपानी या गावी, अनेक मुलांचे पाय असे वाकलेले आढळले. जबलपूर येथील प्रादेशिक वैद्यकीय संशोधन केंद्राने तपासणी केली, तेव्हा पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण अतिशय अधिक निघाले. आपल्यापैकी ज्यांची मूळ गावे विदर्भात आहेत, त्यांनीही हे परक्या मुलखाचे दुखणे समजू नये. 1956 पर्यंत मंडला आणि चांदा एकाच राज्यात होते, आणि आजच्या चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांतील कित्येक गावांतही पाण्यात फ्लोराइड आढळलेले आहे.

फ्लोराइड हे खडकातून पाण्यात उतरते. उघड्या विहिरींच्या दूषित पाण्याने पटकी, हगवण पसरत असे, म्हणून खोल कूपनलिका खोदून हातपंप बसविण्यात आले. हेतू योग्यच होता व त्याने असंख्य जीव वाचले. परंतु काही ठिकाणी तेच खोलवरचे पाणी फ्लोराइडयुक्त निघाले. त्याला ना रंग, ना वास, ना चव. उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे प्रमाण किंचित वाढतेच.

मुलाच्या मांडीच्या हाडाची बरीचशी वाढ गुडघ्यालगतच्या टोकाशी होते. आहारात कॅल्शियम अपुरे आणि पाण्यात फ्लोराइड अधिक, असा योग आला की हे वाढते हाड मऊ पडते व शरीराच्या भाराने वाकते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी हा प्रकार 1973 साली प्रसिद्ध केला. एकाच पंपाचे पाणी पिणाऱ्या दोन घरांपैकी गरिबाच्या घरचे मूल अधिक वाकते, याचे मर्म येथे आहे. म्हणून दूध, नाचणी, तीळ, आवळा यांचे महत्त्व. पावसाळ्यात बांधावर उगवणारा टाकळा, ज्याला हिंदीत चकवड म्हणतात, तो कॅल्शियमने समृद्ध असून मंडल्याकडे त्याची भाजी मुद्दाम खाण्यास सांगण्यात आली. आपल्याकडे या भाजीला गरिबाची म्हणून नाक मुरडतात, हे मला नेहमीच चमत्कारिक वाटते.

शिक्षकांना एक विनंती. तीन-चार वर्षांच्या मुलाचे गुडघे थोडे आत असणे स्वाभाविक असते व सातव्या वर्षापर्यंत ते बहुधा आपोआप सुधारते. त्यानंतरही गुडघे जुळवून उभे केले असता घोट्यांमध्ये चार बोटांहून अधिक अंतर राहिले, तर मुलास डॉक्टरांकडे पाठवावे. 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेत येतात. त्यांना असे मूल आवर्जून दाखवावे.

वेळीच पाणी बदलले व पोषण सुधारले, तर लहान वयातील वाक कमी होऊ शकतो. वाढ चालू असेतो हाडाच्या आतल्या बाजूस छोटी पट्टी बसवून त्यास हळूहळू सरळ वळण देता येते. वाढ थांबल्यावर बहुधा गुडघ्याच्या वर मांडीचे हाड कापून सरळ बसवावे लागते. मालीश करून किंवा फळ्या बांधून असे हाड सरळ होत नाही. आणि शस्त्रक्रियेनंतर मूल पुन्हा त्याच पंपाचे पाणी पिऊ लागले, तर सारा खटाटोप वाया जाण्याची भीती असते.

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तुरटी व चुना वापरून फ्लोराइड काढण्याची 'नलगोंडा पद्धत' सिद्ध केली. मात्र त्यांचे प्रमाण पाण्यागणिक बदलते; अंदाजाने तुरटी टाकू नये. शक्य तेथे दुसरा सुरक्षित स्रोत शोधणे हेच श्रेयस्कर.

भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. अन्य स्रोत नसल्यास 1.5 मिलिग्रॅमपर्यंत. ज्यांच्या घरी कूपनलिका आहे, त्यांनी तसेच गावी परतणाऱ्यांनी आपल्या पंपाचा नमुना शासकीय प्रयोगशाळेत द्यावा. नमुना काचेच्या नव्हे, तर प्लॅस्टिकच्या स्वच्छ बाटलीत घ्यावा, बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळावी आणि तीवर गाव, पंपाची जागा व तारीख लिहावी.