थंडीतला सेल्फ आणि बॅटरीचा जोर



डिसेंबर-जानेवारीत निफाड, दिंडोरी या पट्ट्यात पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. भाजीपाला भरलेली पिकअप पहाटेच बाजार समितीकडं निघायची असते. चावी फिरवावी तर सेल्फ एकदा घरघरतो आणि मग नुसताच कटकटतो. धक्का मारून गाडी चालू होते, माल पोचतो आणि दुपारी मालक बॅटरीच्या दुकानात. तिथं बोलणं होतं ते दोनच गोष्टींवर: बॅटरी किती एएचची (अँपिअर-अवरची) आणि वॉरंटी किती महिन्यांची. लेबलावर बऱ्याचदा आणखी एक आकडा असतो, सीसीए म्हणजे कोल्ड क्रँकिंग अँपिअर. पहाटे सेल्फ ओढणार की नाही हे ठरवणारा आकडा तो आहे, म्हणून आज त्याच्याविषयी बोलतो.

कांद्याची चाळ घ्या. चाळीत माल किती मावतो हे झालं एएच. तिच्या दारातून एका वेळी किती गोणी बाहेर निघतात, हे झालं सीसीए. गाडी उभी असताना दिवा किंवा टेप किती वेळ चालेल, ते एएचवर ठरतं. सेल्फ मात्र दोन-चार सेकंदांत प्रचंड करंट मागतो. डिझेल इंजिनात हवा जास्त दाबावी लागते, म्हणून त्याची मागणी पेट्रोल इंजिनापेक्षा बरीच मोठी. गारठ्यात ऑइल घट्ट होतं, इंजिन जड फिरतं आणि मागणी आणखी वाढते. नेमक्या त्याच वेळी बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावलेली असते. २७ अंशांवर मिळणारा जोर शून्य अंशावर साधारण दोन-तृतीयांश उरतो आणि उणे १८ वर निम्म्याच्याही खाली जातो.

सीसीए मोजतात ते याच उणे १८ अंशांवर. अमेरिकी पद्धतीत पूर्ण चार्ज झालेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीनं ३० सेकंद तेवढा करंट द्यायचा आणि व्होल्टेज ७.२ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. युरोपची पद्धत निराळी आहे, तिथं १० सेकंदांनंतर ७.५ व्होल्ट टिकावे लागतात. त्यामुळं दोन बॅटऱ्यांचे आकडे ताडून बघताना आकड्याशेजारी एसएई (अमेरिकी) लिहिलंय की ईएन (युरोपीय), हे आधी पाहा. पद्धतच वेगळी असेल तर ती तुलना फुकट.

मग सगळ्यात मोठा आकडा असलेली बॅटरी उचलावी का? माझं मत सांगतो, आपल्याकडं तरी तसं करू नका. त्याच मापाच्या डब्यातून जास्त करंट काढायचा तर प्लेटा जास्त आणि पातळ बसवाव्या लागतात. पातळ प्लेट उष्णतेत लवकर झिजते. अकोला-नागपूरच्या मे महिन्यात, वर इंजिनाची धग, अशा ठिकाणी बोनेटखाली बॅटरी अक्षरशः भाजून निघते. खरं तर बॅटरी खराब होते ती उन्हाळ्यात. डिसेंबरच्या पहाटे आपल्याला ते फक्त कळतं, आणि दोष मात्र थंडीला जातो.

म्हणून गाडीच्या पुस्तिकेत कंपनीनं दिलेला आकडा धरा. त्याहून थोडा जास्त चालेल, इंजिन हवा तेवढाच करंट घेतं. कमी मात्र घेऊ नका, दुकानदार कितीही म्हणाला की "बसते हो, सगळे हीच टाकतात." बसते म्हणजे ओढते असं नाही. लेबलावर 55B24L असा कोड असेल तर त्यातले २४ म्हणजे बॅटरीची लांबी सेंटिमीटरमध्ये, आणि शेवटचं अक्षर टर्मिनल कोणत्या बाजूला आहे ते सांगतं. ते उलटं आलं की वायर पोचत नाही आणि मग ती ताणून, ओढून बसवण्याचे धोकादायक उद्योग सुरू होतात. सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिच्यासाठी ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच बॅटरी लागते, साधी टाकू नका.

बनावटीची तारीख विचारायला लाजू नका. पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरत जाते आणि प्लेटांवर सल्फेट धरतं. शक्यतो तीन महिन्यांच्या आतली घ्या. सहा महिने झालेली असेल तर दुसरी मागा.

पैसे मोजण्याआधी एक काम मात्र करा. जुनी बॅटरी खरंच गेली आहे का ते तपासा. टर्मिनलवर पांढरी-हिरवट पूड साचली असेल किंवा बॉडीला जाणारी अर्थची वायर सैल असेल, तर नवी बॅटरीसुद्धा कटकटच करेल. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर चार्ज पुरेसा आहे. सेल्फ मारताना तो आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरीवर संशय घ्या. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास यायला हवा. तेवढा येत नसेल तर दुखणं अल्टरनेटरकडं आहे.

हिवाळ्यात लेहला गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. तिथं जानेवारीत रात्री उणे १५-२० अंश सहज होतात. पूर्ण चार्ज बॅटरी ते सोसते, पण पार उतरलेल्या बॅटरीतलं पाणी उणे ७-८ वरच गोठतं. गोठलेल्या बॅटरीला जंपर लावू नका, ती फुटू शकते. आधी तिला उबेत आणा, डबा तडकला आहे का ते बघा. त्या प्रवासाला निघण्यापूर्वी दुकानात टेस्टरवर बॅटरीचा सीसीए तपासून घ्या. लेबलावरच्या आकड्यापेक्षा तो फारच खाली आला असेल तर बॅटरी इथंच बदला.

बॅटरी बसवताना जुनीची निगेटिव्ह आधी काढा आणि नवीची निगेटिव्ह शेवटी जोडा. पट्टी घट्ट आवळा, हादऱ्यांनी प्लेटा निखळतात. आणि जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता दुकानातच द्या. किमतीत सूट मिळते, शिवाय आत शिसं आणि आम्ल आहे. ती घराजवळ फोडली, तर ते शिसं मातीत उतरतं आणि त्याच मातीत आपली मुलं खेळत असतात.