एक तिकीट, आठ मुक्काम

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत आम्ही उभयतांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यकर्त्यांनी विषय दिला होता ‘आमचा युरोप प्रवास’. तो सांगणारच आहोत, पण थोडक्यात. कारण या सभागृहात बसलेल्यांपैकी युरोपला जाणारे दहा असतील, काशी-गयेला जायचे राहून गेलेले मात्र शंभर निघतील. आणि युरोपात आम्ही जे शिकलो, ते खरे उपयोगी पडले ते गुलबर्ग्याला परत आल्यावर. स्थानकावर आता कलबुर्गी अशी पाटी आहे, पण आमच्या तोंडी अजून गुलबर्गाच येते, तेवढे चालवून घ्यावे.

आमची लेक नोकरीनिमित्त जर्मनीत स्टुटगार्टला असते. बाळंतपणासाठी गेलो, नातवाचे न्हाणे-माखणे झाले, आणि महिना शिल्लक राहिला. शेंगेन व्हिसावर एकशेऐंशी दिवसांत जास्तीत जास्त नव्वद दिवस राहता येते, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. उरलेल्या दिवसांत काय पाहायचे, आणि पेन्शनीच्या पैशांत कसे पाहायचे, असा प्रश्न होता. जावईबापू म्हणाले, ‘बाबा, रेल्वेचा पास काढू.’

हा पास म्हणजे युरेल. १९५९ साली सुरू झाला, आज तो तेहतीस देशांत चालतो. युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल आणि युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल, अशी दोन नावे आहेत. घरातल्या घरात गंमत अशी, की आम्हाला युरेल घ्यावा लागला आणि लेकीला इंटररेल. इंटररेलवाल्याला स्वतःच्या राहत्या देशात एकदा बाहेर पडण्यापुरता आणि एकदा परत येण्यापुरताच पास चालतो, हेही लक्षात ठेवायचे. मुलाबाळांबरोबर फिरायचा बेत असेल, तर हा फरक आधी बघा. साठीच्या पुढच्यांना दहा टक्के सूट मिळते. चार ते अकरा वर्षांची दोन मुले एका मोठ्या माणसाबरोबर फुकट.

पास दोन तऱ्हेचे. एक सलग दिवसांचा, दुसरा मोजक्या दिवसांचा, म्हणजे एका महिन्यात कुठलेही चार, पाच किंवा सात दिवस, अथवा दोन महिन्यांत दहा किंवा पंधरा. आमच्या वयाच्या माणसांनी दुसराच घ्यावा. रोज गाडीत बसायचे वय नाही, एका गावी दोन दिवस पाय पसरून राहायचे वय आहे. आम्ही पाच दिवसांचा घेतला आणि असा वापरला: पहिल्या दिवशी स्टुटगार्टहून म्यूनिकमार्गे साल्झबर्ग, दुसऱ्या दिवशी साल्झबर्ग ते व्हिएन्ना, तिसरा दिवस व्हिएन्नाहून झुरिकच्या रात्रीच्या गाडीला, चौथ्या दिवशी झुरिकहून ल्यूसर्न जाऊन-येऊन, पाचव्या दिवशी घरी. मध्ये मुक्कामाचे दिवस मोजलेच जात नाहीत. रात्रीची गाडी निघते त्या दिवसाचाच एक दिवस खर्ची पडतो, उतरल्यावर दुसरी गाडी पकडली नाही की झाले. शिवाय हॉटेलची एक रात्र वाचते ती वेगळीच. फक्त रात्रीच्या गाडीत झोपायच्या जागेचे पैसे पासाबाहेर द्यावे लागतात.

पास काढला म्हणजे पैसे वाचलेच, असे मात्र नाही. फ्रान्स, स्पेन, इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असूनही आरक्षण सक्तीचे असते, माणशी दहा-वीस युरो सहज जातात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक दिवसाच्या गाड्यांत आरक्षणाशिवाय बसता येते. म्हणून आमचा गोल त्याच तीन देशांत आखला. एक-दोनच ठरलेले प्रवास असतील तर महिनोन्महिने आधी काढलेले साधे तिकीट पासापेक्षा स्वस्त पडते. आणि जे जर्मनीतच मुलांकडे राहून आसपास हिंडणार आहेत, त्यांच्यासाठी मे २०२३ पासून ‘डॉइचलँड टिकेट’ आहे. सुरुवातीला महिन्याला एकोणपन्नास युरो होते, नंतर वाढवले. त्यावर लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या नाहीत, पण गावोगावच्या गाड्या, बस, ट्राम सगळे चालते. नातवाला बागेत न्यायला तेवढे पुष्कळ झाले.

युरोप संपला. आता घरी या.

परतल्यावर आम्ही विचार करू लागलो, की आपल्याकडे असे काही का नाही? होते, असे कळले. इंडरेल पास म्हणून होता, पण तो परदेशी पाहुणे आणि अनिवासी भारतीयांसाठी, डॉलरच्या हिशेबात. काही वर्षांपूर्वी तोही बंद झाला. आपल्यासारख्यांसाठी पास नाही. पण एक जुनी सोय आहे, ती नियमांत आहे, जाहिरातीत नाही. तिचे नाव चक्राकार प्रवास तिकीट, इंग्रजीत सर्क्युलर जर्नी तिकीट.

कल्पना सोपी आहे. जिथून निघायचे तिथेच परत यायचे, पण आल्या वाटेने नाही, गोल फिरून. वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरून राहता येते. गाडी बदलण्यापुरते थांबलात तर तो मुक्काम धरत नाहीत. कुठल्याही वर्गाचे काढता येते.

स्वस्त का पडते ते ऐका. रेल्वेचे भाडे घाऊक मालासारखे असते. अंतर वाढते तसा पुढच्या पुढच्या किलोमीटरचा दर उतरत जातो. गुलबर्ग्याहून सोलापूरला जाताना किलोमीटरमागे जे पडते, ते दोन हजार किलोमीटरच्या तिकिटावर पडत नाही. आपण काशीयात्रेला जातो तेव्हा नऊ तिकिटे काढतो, आणि प्रत्येक तिकीट पुन्हा पहिल्या, महाग किलोमीटरपासून सुरू होते. चक्राकार तिकिटात सगळ्या वर्तुळाचे अंतर एकत्र धरतात, त्याचे दोन सारखे भाग करतात, आणि तेवढ्या लांबीच्या दोन एकेरी तिकिटांचे भाडे लावतात. नऊ किरकोळ खरेदीऐवजी दोन घाऊक.

आमच्या गल्लीत एक अक्का आहेत. वय एकाहत्तर, माहेर भालकी तालुक्यातले. यजमान जाऊन सहा वर्षे झाली. त्यांच्या नावाने गयेला पिंड ठेवायचे, एवढी एकच गोष्ट त्यांच्या मनात. प्रवासी कंपनीचा आकडा ऐकला की त्या म्हणायच्या, ‘बघू, पुढच्या साली.’ असे तीन साल गेले. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची सवलत थांबली. पूर्वी अठ्ठावन्न वर्षांपुढच्या बायकांना निम्मे भाडे माफ होते, साठीपुढच्या पुरुषांना चाळीस टक्के. ती अजून परत आलेली नाही. कुटुंब निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या बाईला ही गोष्ट किती लागते, ते या सभागृहात समजावून सांगायला नको. मुलगा चांगला आहे, पण त्याचे म्हणणे, ‘आई, गुडघे धड नाहीत, कशाला?’

आम्ही दोघे, अक्का आणि मंडळातले आणखी एक जोडपे, असे पाच जण ठरले. वेळापत्रक आणि नकाशा घेऊन बसलो. वर्तुळ असे आखले: गुलबर्गा, सोलापूर, दौंड, मनमाड, इटारसी, जबलपूर, प्रयागराज, वाराणसी, गया, हावडा, खुर्दा रोड, विशाखापट्टण, विजयवाडा, सिकंदराबाद, वाडी, गुलबर्गा. मुक्काम प्रयागराज, वाराणसी, गया, हावडा, खुर्दा रोड, विशाखापट्टण, विजयवाडा आणि सिकंदराबाद. मोजा, बरोबर आठ. पुरी मुख्य मार्गावर नाही, खुर्दा रोडहून आत चव्वेचाळीस किलोमीटरवर आहे. तेवढे जाऊन-येऊन वेगळे तिकीट काढावे, वर्तुळ बिघडवू नये. परतीची वाडी-सिकंदराबाद वाट निजामाच्या काळातली, १८७४ ची. आपल्या आजा-पणजांनी हैदराबाद गाठले ते याच वाटेने.

हे सगळे सुमारे ४,३०० किलोमीटर भरले. मुदतीचा हिशेब चारशे किलोमीटरला प्रवासाचा एक दिवस आणि दोनशे किलोमीटरला मुक्कामाचा एक दिवस, असा असतो. अपुरा भाग पूर्ण धरतात. म्हणजे अकरा अधिक बावीस, तेहतीस दिवस. आम्ही चोवीस दिवसांचा बेत केला आणि नऊ दिवस हाताशी ठेवले. हे नऊ दिवस पुढे कामी आले.

आता तिकीट काढायचे कसे? मोबाईलवर मिळत नाही, हे आधीच सांगतो. मार्ग आणि मुक्काम लिहून विभागीय वाणिज्य व्यवस्थापकांकडे अर्ज करायचा. काही मोठ्या स्थानकांच्या व्यवस्थापकांकडेही काम होते. ते अंतर आणि भाडे काढून निघायच्या स्थानकाला कळवतात, तिथे पैसे भरून तिकीट घ्यायचे. मग ते घेऊन आरक्षणाच्या खिडकीवर जायचे आणि टप्प्याटप्प्याने जागा घ्यायच्या. आरक्षणाचे शुल्क, जलद गाडीचा अधिभार वेगळा. राजधानी, वंदे भारत यांचा हिशेब निराळा असतो, त्यांना या बेतात धरू नये.

आपल्या दोन जिल्ह्यांची एक गोम आहे. गुलबर्गा मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात, तर बिदर दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद विभागात. बिदरकरांनी अर्ज सोलापूरला पाठवून उपयोग नाही. हुमनाबाद, कमलापूरच्या मंडळींनी गुलबर्ग्याहून निघावे. ऑक्टोबर २०१७ मध्ये बिदर-गुलबर्गा मार्ग सुरू झाल्यापासून ते सोपे झाले आहे. बिदर आणि भालकीकरांना तर स्वतःचेच वर्तुळ आहे. भालकी, उदगीर, लातूर रोड, परळी, परभणीवरून मनमाड गाठायचे, आणि परतताना सिकंदराबादहून विकाराबादमार्गे बिदरला यायचे.

खिडकीवर काय होते तेही सांगितले पाहिजे. एका ठिकाणी (नाव घेत नाही) समोरच्या तरुण मुलाने सरळ सांगितले, ‘असे तिकीट नसते.’ बिचाऱ्याने कधी पाहिलेच नव्हते. आम्ही नियमाच्या पानाची छायाप्रत नेली होती. ती पुढे सरकवली. तो आत गेला, निवृत्तीला आलेल्या एका साहेबांना घेऊन आला. साहेब कागद बघून कन्नडमध्ये हसत म्हणाले, की असले तिकीट आपण कित्येक वर्षांनी पाहतो आहोत. त्यांनी स्वतः बसून स्थानकांची यादी तपासली. तेव्हा छायाप्रत न्या, आणि आवाज चढवू नका.

दुसरी अडचण आरक्षणाची. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधीच उघडते, पूर्वी एकशेवीस होते. लांब प्रवासात पहिल्या टप्प्याची जागा घेता येते तेव्हा शेवटच्या टप्प्याची खिडकी उघडलेलीच नसते. म्हणून दोन-तीन खेपा धरूनच चाला. खालची जागा हवी असेल तर पाच जणांची एकत्र चिठ्ठी भरू नका. साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या बायका यांच्यासाठी खालच्या जागांचा राखीव वाटा असतो, तो एकट्याने किंवा दोघांनी मिळून प्रवास करणाऱ्यांनाच लागू होतो. आम्ही दोन, दोन आणि एक असे तीन अर्ज भरले. अक्कांना सगळ्या टप्प्यांवर खालची जागा मिळाली. एकदा मात्र त्यांचा डबा वेगळा आला. आमच्यातल्या दोघी पाळीपाळीने त्यांच्याकडे जाऊन बसल्या.

दिवाळीनंतर निघालो. बरोबर कडक भाकरी, शेंगाचटणी आणि अक्कांनी केलेल्या करंज्या. पहिले आठ दिवस त्यावरच निभावले. मुक्कामाला धर्मशाळा, आश्रम, कधी साधे लॉज. प्रत्येक मुक्कामाच्या स्थानकावर उतरलो की तिकिटावर स्टेशन मास्तरांची सही-तारीख घ्यायची. कंटाळा येतो, पण टाळू नये.

गयेत फल्गूच्या काठी अक्कांनी पिंड ठेवले. ब्राह्मणाने विचारले, ‘मुलगा आला नाही?’ अक्का म्हणाल्या, ‘मी आले आहे.’ पुढे कोणी काही बोलले नाही. त्या रात्री त्यांना ताप भरला. हावड्याच्या जागा दुसऱ्या दिवशीच्या होत्या. मुलाला फोन केला, तो म्हणाला, ‘विमानाने परत आणा.’ डॉक्टर म्हणाले, दमणूक आहे, दोन दिवस झोपू द्या. साधी तिकिटे असती तर पुढची सगळी साखळी तुटली असती. इथे पुढच्या टप्प्याच्या जागा रद्द केल्या, आरक्षणाचे पैसे गेले, आणि तीन दिवसांनंतरच्या नव्या जागा घेतल्या. मूळ तिकीट तसेच जिवंत, मुदतीत हातचे नऊ दिवस होतेच. पुरीत समुद्र पाहिला तेव्हा अक्का पूर्ण बऱ्या होत्या. आयुष्यात त्यांनी तोवर समुद्र पाहिला नव्हता. लाट पायाशी आली तशा दोन पावले मागे सरल्या, मग चार पुढे गेल्या.

सत्ताविसाव्या दिवशी गुलबर्ग्याला उतरलो. स्थानकावर मुलगा न्यायला आला होता. आईचे सामान उचलता उचलता त्याने आम्हाला विचारले, हे तिकीट दक्षिणेकडेही मिळते का?

मिळते. रायचूर, गुंतकलवरून बंगळुरू, म्हैसूर, पुढे तमिळनाडू आणि चेन्नईवरून रेणिगुंटामार्गे परत, असे वर्तुळ आम्ही सध्या कागदावर आखतो आहोत. रामेश्वर पुरीसारखेच फाट्यावर आहे, मनमदुरै किंवा मदुरैहून वेगळे तिकीट काढावे लागेल. दसऱ्यानंतर अर्ज द्यायचा विचार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी विसर्जनानंतरच्या रविवारी संध्याकाळी मंडळाच्या कार्यालयात यावे. येताना वयाचा पुरावा आणावा, आपल्याला कुठे किती दिवस राहायचे आहे ते लिहून आणावे, आणि गुडघे-दम्याचे जे काही असेल ते न लपवता सांगावे, म्हणजे मुक्काम त्याप्रमाणे धरता येतील. अक्कांनी नाव आधीच दिले आहे.