आयत्या वेळचा शब्द
(युसूफ वडगाव येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या रात्री तमाशा ठेवावा की न ठेवावा, या प्रश्नावर मंडळात मतभेद झाले हे आपण जाणताच. वडील मंडळींचे म्हणणे असे की, ज्या ढोलकी-हलगीच्या पायी आपल्या मातंग समाजास हिणविले गेले, ती मुलाबाळांसमोर पुन्हा वाजवू नये. या म्हणण्यामागील दुःख आम्ही ओळखतो. रात्रभर ज्यांनी दाद दिली त्यांनीच सकाळी ओंजळीत वरून पाणी ओतले, हे आपल्या म्हाताऱ्या माणसांनी भोगले आहे. तथापि आमचे मत निराळे आहे.

तमाशा म्हणजे लावणी, असा शहरी माणसाचा समज झाला आहे. चित्रपटांनी तो दृढ केला. वस्तुतः गण, गौळण, बतावणी आणि वग या साऱ्या रचनेत लावणी हा अलंकार होय. अंग आहे ते बोलण्याचे. जुन्या फडांत वगाची लिहिलेली वही क्वचितच असे. सरदाराने कथेचा सांगाडा सांगावा, कोणी राजा व्हावे, कोणी प्रधान, आणि रात्री प्रत्येकाने आपले भाषण उभ्या उभ्या रचावे, अशी रीत. राजाने शिपायास स्वारीवर धाडले की सोंगाड्याने विचारावे, ‘महाराज, जातो, पण उचल किती देता?’ आपल्या केज तालुक्यात हे वाक्य पडले की हास्याचा लोट उसळतो, कारण समोर बसलेला निम्मा गाव मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस जाऊन आलेला असतो. आता राजास त्याच क्षणी उत्तर सुचले पाहिजे. सुचले नाही, तर राज्य गेले! हीच कथा दुसऱ्या गावी गेली की तेथील पाटील, तेथील विहीर, तेथील भांडण तिच्यात शिरते. दादू इंदुरीकरांनी ‘गाढवाचं लग्न’ गाजविले ते याच बळावर.

इटलीत सोळाव्या शतकात अशीच, केवळ सांगाड्यावर उभी राहणारी नाटके होत. अमेरिकेत शिकागो येथे तर प्रेक्षकाने एक शब्द टाकावा आणि नटांनी त्यावर प्रवेश उभा करावा, हा शिक्षणाचा विषय झाला. १९९८ साली त्या शहरात अशा नाट्याचा महोत्सवही सुरू झाला. तेथे पदवीधर तरुण शुल्क भरून जे शिकतात, ते आपल्या आज्यापणज्यांना अक्षरओळख नसताना साधले होते. या गोष्टीची लाज कसली धरावयाची?

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. पुढे ती उठली, परंतु वग आधी लिहून तपासणीस द्यावा, असा दंडक आला. आपला बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानाकडून नुकताच सुटत होता. १९५६ साली आपणही मुंबई राज्यात आलो. अश्लीलतेस आळा हवा होता, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु जे बोलणे प्रेक्षक समोर आल्यावाचून जन्मतच नाही, ते आगाऊ कागदावर मागणे म्हणजे पाऊस पडण्यापूर्वी ओढ्याचे पाणी मोजावयास जाणे होय. अण्णाभाऊंनी यातून वेगळी वाट काढली. तारुण्यात तमाशाच्या फडावर वावरलेल्या या पुरुषाने १९४४ मध्ये अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारले, गणात गणपतीऐवजी मायभूमीस आणि शिवछत्रपतींस वंदन केले, आणि सोंगाड्याच्या तोंडी गिरणी कामगाराचा प्रश्न घातला. घर तेच ठेवून त्यांनी देव्हारा बदलला.

आणखी एका नावाचा उच्चार आम्ही मुद्दाम करतो : विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविलेली ही बाई फडाच्या पाटीवर आपली जात उघड लिहून गावोगाव फिरली. आपली शिकलेली मुले नोकरीच्या गावी आडनाव बदलून राहतात. त्यांना आम्ही दोष देत नाही. घर भाड्याने मिळत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. पण ती पाटी त्यांनी एकदा पाहावी. विठाबाईंची अखेर २००२ साली हलाखीत झाली. त्यांच्या नावाचा शासकीय पुरस्कार त्यानंतरचा.

राज्य शासन आता शहरोशहरी ढोलकी-फड तमाशाचे महोत्सव भरविते, हे चांगलेच. मात्र तेथे घड्याळ लावून फड आटोपावा लागतो, श्रोते अंधारात खुर्च्यांवर स्वस्थ बसतात, आणि सोंगाड्याने टाकलेला चेंडू परत करणारा कोणी नसतो. मग फडही बतावणी गाळतो आणि लावण्या वाढवितो. लावणी कोठेही चालते. बतावणीस ओळखीचा गाव लागतो.

म्हणून आमची सूचना अशी. पुढील संमेलन चैत्रात, तोडणीवरून मंडळी परतल्यावर घ्यावे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावी राहुट्या पडतात, तेथे जाऊन मंडळाच्या दोघांनी सुपारी द्यावी. लावण्या दोनच असाव्यात, वग पुरा व्हावा. हलगी आपल्याच वाड्यातील असावी. आपल्यात बतावणी येणारे जे वृद्ध उरले आहेत त्यांस अदल्या दिवशी बोलावून शाळेतील मुलामुलींसमवेत बसवावे. मुलांनी विषय द्यावा, त्यांनी बोलावे, मग उलट. हारतुरे नकोत. बिदागी ठरेल ती आधी द्यावी, आणि भगिनींची बैठक मागे नव्हे, पुढे असावी.