जबडा ‘कट्ट’ वाजतो, एक्स-रे काय सांगतो?

मुक्ताईनगरहून बोलतोय, आणि आजचा विषय आहे जबडा.

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा, तोंड उघडा, मिटा. काहीतरी हलतंय ना? तो जबड्याचा सांधा. माझा डावीकडचा वाजतो. जांभई दिली की ‘कट्ट’. दुखत मात्र नाही. अक्कलदाढेसाठी ओपीजी काढला होता, म्हणजे सगळे दात आणि दोन्ही सांधे एकाच फोटोत दाखवणारा एक्स-रे. त्याच्या रिपोर्टमध्ये एक ओळ होती: ‘डावं कॉन्डाइल किंचित चपटं’. कॉन्डाइल म्हणजे जबड्याच्या हाडाचं वरचं टोक. अशी ओळ वाचली की कुणालाही वाटणार, हाड झिजलं म्हणून वाजतंय!

पण हा आवाज बहुतेक वेळा हाडाचा नसतोच. कॉन्डाइल आणि कवटीतली खोबण यांच्यामध्ये एक मऊ चकती असते. ती पुढे सरकलेली असली, तर तोंड उघडताना हाड पुन्हा तिच्याखाली बसतं. तेव्हा ‘कट्ट’. आणि ही चकती एक्स-रेत दिसतच नाही. ती बघायला एमआरआय लागतो.

राहिला हाडाचा आकार. कुणाचं टोक गोल, कुणाचं चपटं, कुणाचं टोकदार. डावं-उजवं सारखं असेलच असंही नाही. त्यात ओपीजीचं मशीन डोक्याभोवती फिरतं, मान जरा वळली तरी एक बाजू मोठी दिसते. संधिवातात हाड खरंच झिजतं, पण ते ठरवायला दुखणं, हालचाल आणि फोटो हे सगळं एकत्र बघावं लागतं. नुसत्या एका ओळीवरून कुणी दात घासून चावा बदलू म्हणालं, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. घासलेला दात परत येत नाही.

मग घरी काय बघायचं? आपलीच तीन बोटं, एकावर एक, पुढच्या दातांमध्ये घाला. साधारण ४० मिलिमीटर. सहज गेली आणि दुखत नसेल, तर नुसत्या आवाजाला बहुतेकदा उपचार लागत नाही. दुखत असेल तर काही दिवस ऊस आणि कडक भाकरी बंद, शेक द्या, मऊ खा. केळीला आपल्याकडे काय तोटा! स्क्रीनसमोर दात आवळून बसू नका: ओठ मिटलेले, दात सुटे.

जबडा अडकला, सूज आली, चावा अचानक बदलला, तर लगेच दाखवा.

आणि एक गोष्ट आपल्या पोरांसाठी. आवाज नाही, पण तोंड महिन्यागणिक कमी उघडतंय, शेवभाजी पूर्वीपेक्षा जास्त झोंबते, गाल आतून पांढरट आणि ताठ झालेत? मग सुपारी-गुटख्याने होणारा सबम्युकस फायब्रोसिस असू शकतो. त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात हे तुम्हाला मी सांगायला नको. हा आजारही ओपीजीत दिसत नाही. डॉक्टरांना तोंड उघडूनच दाखवावं लागतं.

तर आज जेवणाआधी घरातल्या सगळ्यांची तीन बोटांची टेस्ट घ्या. ज्याची दोनच बोटं जातील, त्याला घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे जा. भेटू पुढच्या भागात!