'मिस एव्हर्स बॉइज' : पडद्यावर न आलेला साक्षीदार



'मिस एव्हर्स बॉइज' हा चित्रपट एचबीओने १९९७ साली दाखविला. त्यामागील घटना सत्य आहे. अलाबामातील मेकन काउंटीत १९३२ साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुष निवडले. पैकी ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना रोगाचे नाव न सांगता 'तुमचे रक्त बिघडले आहे' एवढेच सांगण्यात आले. (रक्ताच्या शुद्धाशुद्धतेची भाषा आपल्या कानांना नवी नाही!) पुढे पेनिसिलिन सर्वमान्य झाले, तेही त्यांच्यापासून दूर ठेवले गेले. शवविच्छेदनास संमती मिळावी म्हणून दफनखर्चाचे आमिष होते.

आम्हां डॉक्टरांना अस्वस्थ करते ते हे की, यात गुप्त काहीच नव्हते. निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत छापले जात होते आणि आमचे व्यवसायबंधू पान उलटीत होते. १९६५ साली डेट्रॉइटचे तरुण डॉक्टर अर्विन शॅट्झ यांनी निषेधाचे पत्र धाडले. अशा प्रकारचे हे पहिलेच पत्र असून आपण उत्तर देणार नाही, असा शेरा त्यावर पडला.

पीटर बक्स्टन हे डॉक्टर नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोत गुप्तरोग्यांच्या मुलाखती घेणारे ते आरोग्य सेवेचे साधे कर्मचारी. प्रागमध्ये जन्मलेल्या, ज्यू पित्याच्या या मुलाला नाझी डॉक्टरांची कृत्ये आठवली. १९६६ साली त्यांनी वरिष्ठांना लिहिले. अटलांटास बोलावून त्यांचीच कानउघाडणी झाली. १९६८ साली पुन्हा लिहिले. १९६९ साली तज्ज्ञांच्या समितीने प्रयोग चालूच ठेवला. अखेर त्यांनी कागदपत्रे असोसिएटेड प्रेसच्या हाती दिली. जीन हेलर यांची बातमी २५ जुलै १९७२ रोजी छापून आली आणि ४० वर्षांचा प्रयोग त्याच वर्षी बंद पडला.

चित्रपटात आल्फ्री वुडर्ड यांचा अभिनय उत्कृष्ट आहे. परंतु कथेचा सारा भार एका कृष्णवर्णीय परिचारिकेच्या मनोव्यथेवर आहे. धोरण आखणारे गोरे अधिकारी कडेला राहतात. जिच्या हाती अधिकार नव्हता तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे आम्हांस पटत नाही.

त्याच वर्षी, १६ मे १९९७ रोजी, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी वाचलेल्या मोजक्या वृद्धांची क्षमा मागितली. बक्स्टन २०२४ साली निवर्तले.

आपली अनेक मुले येथे वैद्यकीय शिक्षण घेत आहेत. त्यांच्यासमवेत हा चित्रपट अवश्य पाहा, आणि डॉ. शॅट्झ यांच्या पत्रावरील तो शेरा त्यांना सांगा. चित्रपटात तो नाही.